कॅमेरा कोणता घ्यावा, हे विचारायला दादासाहेब फाळके थेट लंडनला गेले होते

विठ्ठलवाडीला कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर लागतं आणि बदलापूर सुटलं की येतं वांगणी.

आज वांगणी म्हटलं की लोकांना स्वस्त फ्लॅटच्या जाहिराती आठवतात. पण शंभरहून अधिक वर्षांपूर्वी याच वांगणीत एक अख्खी नाटकमंडळीसारखी टोळी पोलिसांनी धरली होती.

झालं असं की, गावात अचानक परके पुरुष आले. सोबत भाले, ढाली, तलवारी. कोण कुठले, कुणाला पत्ता नाही. गावकरी घाबरले, त्यांना वाटलं दरोडेखोर आले. पाटलाच्या कानावर गोष्ट गेली, पाटलाने फौजदाराला कळवलं आणि मंडळी आत गेली.

ही मंडळी म्हणजे राजा हरिश्चंद्राच्या दरबारातले लोक होते. त्यांचे मालक मागाहून मुंबईहून येणार होते.

मालक आले. त्यांनी सांगून पाहिलं की आम्ही सिनेमा बनवतोय. पण ज्याने सिनेमा हा प्रकारच पाहिलेला नाही, त्या माणसाला हे सांगून काय कळणार? शेवटी त्यांनी कॅमेरा बाहेर काढला. तो कसा उघडतो, हँडल कसं फिरवायचं, आत चित्र कसं उमटतं हे समजावून सांगितलं आणि आत फिल्म न भरताच नटांकडून एक प्रसंग करून घेऊन त्याचं खोटं-खोटं शूटिंग करून दाखवलं. फौजदाराची खात्री पटली. मंडळी सुटली.

मालकांचं नाव होतं धुंडिराज गोविंद फाळके. सगळं जग त्यांना दादासाहेब फाळके म्हणतं.

भारतीय सिनेमाचे जनक, पहिला सिनेमा, त्यांच्या नावाचा पुरस्कार, हे शाळेत पाठ करून झालंय. पण फाळके या माणसाला कॅमेरा, लेन्स, काच, रसायनं, यंत्रं यांचं जे वेड होतं आणि त्याबद्दल चार माणसांशी बोलत राहण्याची जी सवय होती, ती बाजू फारशी सांगितली जात नाही.

आजकाल कॅमेऱ्याच्या सामानाबद्दल बोलणारी माणसं चेष्टेचा विषय झालीत. फोटोवाल्यांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, फोटो दहा आणि लेन्सवरची भांडणं शंभर. मग कुणीतरी येतं आणि सांगतं की फोटो कॅमेऱ्याने नाही, डोक्याने निघतो. वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण फाळक्यांच्या आयुष्याकडे बघितलं तर ते अर्धंच खरं वाटतं.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या, पूजा, पठण. मुलाने हेच पुढे चालवायचं असा रिवाज होता, पण मुलाचा हात चित्राकडे वळला. वडिलांना मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये पोराने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं.

तिथून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांचं राज्य. तिथल्या कलाभवनात माणसाला रंगापासून यंत्रापर्यंत सगळं शिकता यायचं. फाळक्यांनी चित्रकला केली, मूर्ती घडवणं केलं, वास्तुकला केली आणि १८९० मध्ये एक कॅमेरा विकत घेतला.

त्या काळात कॅमेरा घेणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हतं. काचेची प्लेट, तिच्यावरचा लेप, अंधारी खोली, धुण्याची रसायनं, कागदावर छपाई हे सगळं आपलं आपण करायचं. एखादी गोष्ट बिघडली तर ती का बिघडली हे सांगायला सोबत कुणी जाणता लागायचा. पुस्तकं होती, पण पुस्तकात इंग्लंडच्या हवेचा हिशोब असायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी किती तापतं आणि प्लेटवरचा लेप कसा सुटतो, हे ज्याने आधी हात भाजून घेतलेत त्यालाच माहीत.

म्हणूनच आपल्याकडे फोटोग्राफी आली आणि लगोलग तिच्याबद्दल बोलणारे लोक एकत्र आले. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. तिचं स्वतःचं नियतकालिक होतं. कॅमेरा मुंबईत येऊन फार वर्षं झाली नव्हती, तेवढ्यात त्यावर बोलायला अख्खी संस्था उभी राहिली.

फाळक्यांना बडोद्यात असाच एक जाणता भेटला. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर. या पोराला यंत्रात गती आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला रतलामला बाबूलाल वरुवळकर यांच्याकडे पाठवलं. तिथे फाळके तीन रंगांचे ब्लॉक बनवणं, फोटोलिथो आणि डार्करूमची छपाई शिकले. परत आल्यावर गज्जरांनी कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली.

नवखा माणूस, महागडी यंत्रं आणि ती यंत्रं त्याच्या हाती सोपवणारा मास्तर. फाळक्यांची सुरुवात अशी झाली.

१८९५ मध्ये ते गोध्र्याला गेले आणि फोटोचं दुकान टाकलं. धंदा बसत होता, तेवढ्यात प्लेग आला. १९०० मध्ये प्लेगने त्यांची बायको आणि मूल दोघांनाही नेलं.

फाळके बडोद्याला परतले. काही दिवस एका जादूगाराच्या नादी लागून जादू शिकले. पुढे आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोगही केले. नजरबंदीचा हा नाद नंतर पडद्यावर फार कामाला आला, तो भाग पुढे.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरी झाल्या सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा.

बडोद्यात फाळक्यांनी पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला आणि तो चालेना. कारण गावात आवई उठली होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो. गावच्या साध्या लोकांचं सोडा, राजघराण्यातला माणूसही आयुष्य कमी होईल म्हणून फोटोला बसायला तयार नव्हता. फाळक्यांनी त्यांना कॅमेरा काय करतो आणि काय करत नाही हे समजावलं. त्यांचं समाधान झालं, पण गिऱ्हाइकांचं काही झालं नाही. धंदा बुडाला.

वांगणीच्या फौजदारासमोर फाळके जे करणार होते, त्याची तालीम ही अशी दहा वर्षं आधीच झाली होती.

पुढे १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, महिन्याला पगार. पण वंगभंगाची चळवळ पेटली, स्वदेशीचं वारं आलं आणि १९०६ मध्ये त्यांनी नोकरी सोडून लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मांच्या छापखान्याची कामं ते करायचे. नंतर कारखाना दादरला आला, नाव झालं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं घ्यायला ते जर्मनीलाही जाऊन आले. कारखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके उठले आणि बाहेर पडले. चाळिशीत आलेला माणूस, घरात पोरं आणि हातात काम नाही.

अशात १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण येत होते. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तो इथेच सोडून देऊ.

खरी मजा त्यानंतरच्या महिन्यांत आहे. फाळक्यांनी परदेशातून कॅटलॉग मागवायला सुरुवात केली. सिनेमाच्या सामानाची माहितीपत्रकं, पुस्तकं, साप्ताहिकं. लंडनहून निघणाऱ्या बायोस्कोप या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार झाले. एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं घेतली. दिवसाचे चार-पाच तास सिनेमे बघायचे आणि उरलेला वेळ प्रयोग. रात्री घरात मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्रं पाडायची.

नातेवाइकांनी ठरवून टाकलं की माणूस कामातून गेला. या सगळ्याचा ताण डोळ्यांवर आला. एक वेळ अशी आली की त्यांना दिसेनासं झालं. सिनेमा काढायला निघालेल्या माणसाची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या जोड्यांनी ती परत आली. दिसायला लागल्यावर फाळके पुन्हा कॅटलॉग घेऊन बसले.

कॅटलॉग वाचून एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कॅटलॉग कुठल्याच यंत्राला वाईट म्हणत नाही. त्यात किंमत कळते, मोजमाप कळतं. पण हँडल फिरवताना फिल्म अडकते का, उन्हात लाकूड फुगतं का, नवख्या माणसाला ते झेपतं का, हे कळत नाही. ते फक्त वापरणारा सांगतो. आणि वापरणारे लंडनला होते.

पैसे कुठून आणायचे? फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. बारा हजारांच्या पॉलिसींवर दहा हजार रुपये मिळाले. १ फेब्रुवारी १९१२ ला ते बोटीत बसले.

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. पिकॅडिली सर्कस भागात फिरताना त्यांना एका इमारतीवर पाटी दिसली, बायोस्कोप साप्ताहिकाची. जे साप्ताहिक मुंबईत टपालाने यायचं, त्याचं हे ऑफिस. फाळके सरळ जिना चढून संपादकांपुढे उभे राहिले. संपादकांचं नाव कॅबोर्न.

विचार करा, वर्गणीदार असणं एवढीच ओळख. आजच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या फोरमवर वर्षभर नुसतं वाचत बसलेला माणूस एक दिवस ॲडमिनच्या घराची बेल वाजवतो, तसलाच हा प्रकार.

कॅबोर्ननी त्यांना बसवून घेतलं, ऐकून घेतलं आणि सल्ला दिला की या भानगडीत पडू नका. इंग्लंडमध्येच सिनेमा काढणारे कितीतरी लोक तोट्यात गेलेत आणि हिंदुस्थानची हवा तर या कामाला मानवणारीही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

सामानाबद्दल कुणाला विचारावं, तर अशा माणसाला. त्याला काही विकायचं नव्हतं. फाळक्यांनी घाबरावं एवढं खरं तो बोलला आणि फाळके घाबरत नाहीत हे दिसल्यावर मदतीलाही तोच उभा राहिला.

कॅबोर्ननी त्यांची गाठ घालून दिली सेसिल हेपवर्थ यांच्याशी. हेपवर्थ म्हणजे त्या वेळच्या इंग्लंडच्या सिनेमातलं मोठं नाव. लंडनबाहेर वॉल्टनला त्यांचा स्टुडिओ. या गृहस्थांनाही यंत्राबद्दल बोलायची हौस दांडगी. सिनेमाचं यंत्र कसं चालतं यावर त्यांनी १८९७ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. त्यांनी फाळक्यांना स्टुडिओचे सगळे विभाग उघडून दाखवले, शूटिंग कसं होतं ते प्रत्यक्ष करून दाखवलं. हातचं काही राखलं नाही.

मग आला मुख्य प्रश्न. कॅमेरा कोणता?

बाजारात कंपन्या भरपूर होत्या. कॅबोर्न आणि हेपवर्थ या दोघांशी बोलून ठरलं विल्यमसनचा कॅमेरा. किंमत ५० पौंड.

हा विल्यमसन कोण, तेही मजेशीर आहे. जेम्स विल्यमसन आधी होव्ह गावात औषधविक्रेता होता. रसायनांतून फोटोत आला, फोटोतून सिनेमात आला, स्वतः सिनेमे काढले आणि पुढे सिनेमे काढणं सोडून सिनेमाची यंत्रं बनवायला लागला. म्हणजे फाळक्यांना मिळाला तो कॅमेरा स्वतः शूटिंगचा त्रास काढलेल्या माणसाच्या कारखान्यातला होता.

यंत्र दिसायला साधं. लाकडी पेटी, पुढे भिंग, बाजूला हँडल. त्या काळी साधारण अशी पद्धत होती की हँडलच्या एका फेऱ्यात फिल्मवर आठ चित्रं उमटायची, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रं. हात थकून मंदावला की पडद्यावर माणसं पळत सुटणार, हात घाईला आला की माणसं सुस्तावणार. मोटर नाही, मीटर नाही. ऊन किती आहे हे डोळ्याने ठरवायचं आणि ताल मनात मोजायचा.

कॅमेऱ्यासोबत फाळक्यांनी कोडॅकची कच्ची फिल्म आणि भोकं पाडायचं यंत्र, पर्फोरेटर, यांची ऑर्डर दिली. फिल्मच्या दोन्ही कडांना जी बारीक भोकं असतात, त्यात कॅमेऱ्याचे दात अडकून फिल्म पुढे सरकते. फिल्म यायची कोरी. भोकं आपली आपण पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की सगळी फिल्म वाया. एक भोक वाकडं गेलं की पडद्यावर चित्र थरथरणार.

१ एप्रिल १९१२ ला फाळके मुंबईत परतले. मे महिन्यात सामान आलं. सोबत आलेला आराखडा बघत त्यांनी चार दिवसांत सगळं जोडून उभं केलं.

पण सामान घेण्यातच पैसे संपले होते. सिनेमाला पैसे कोण देणार?

फाळक्यांनी घरात एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोवला. महिनाभराहून अधिक काळ थांबून थांबून चित्रं घेत राहिले. दाण्याला कोंब फुटला, रोप झालं, वेल झाला. तयार झालेली फिल्म जेमतेम मिनिटभराची. तिचं नाव अंकुराची वाढ.

ती त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली. त्यात यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते. नाडकर्णी हे फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी. महिनाभराची वाढ मिनिटात बघून इतर लोक चकित झाले असतील. सामानाच्या व्यापाऱ्याला त्यामागचं कामही दिसलं असणार, की रोज तोच कॅमेरा, तीच जागा, तोच उजेड सांभाळायला माणसाकडे किती चिकाटी लागते. कर्जाची तयारी झाली. तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

सरस्वतीबाईंचं काम दागिन्यांवर संपलं नाही. रात्री घर झोपलं की अंधारात फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांनी हाती घेतलं. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवायच्या. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. आणि या सगळ्याच्या मध्ये अख्ख्या मंडळीचा स्वयंपाक. आज सिनेमाच्या श्रेयनामावलीत या कामांना चार वेगवेगळी नावं लागतात. हे सगळं त्यांना शिकवलं फाळक्यांनी. घरात यंत्राबद्दल बोलणं एकट्या पुरुषाचं राहिलं नाही, म्हणून हे काम उभं राहिलं.

दुसरे विद्यार्थी त्र्यंबक तेलंग. त्र्यंबकेश्वरचे, फाळक्यांचे बालमित्र. त्यांना साधी फोटोग्राफी येत होती. फाळक्यांनी त्यांना विल्यमसनचं हँडल फिरवायला शिकवलं आणि राजा हरिश्चंद्रचे कॅमेरामन तेच झाले.

इथे एक जुना वाद सांगायला हवा. दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक हा सिनेमा १८ मे १९१२ ला, म्हणजे राजा हरिश्चंद्रच्या जवळपास वर्षभर आधी मुंबईत लागला होता. मग पहिले कोण? तोरण्यांच्या कर्तृत्वाला कमी लेखायचं कारण नाही. पण तो सिनेमा म्हणजे नाटकाचं चित्रण होतं, कॅमेऱ्यामागे जॉन्सन नावाचे इंग्रज गृहस्थ होते आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांकडे शूटिंगपासून धुलाईपर्यंत सगळं इथेच झालं. अनेक अभ्यासक फाळक्यांच्या पारड्यात वजन टाकतात, त्यात या गोष्टीचाही वाटा आहे.

राजा हरिश्चंद्रला सहा महिने आणि २७ दिवस लागले. दिवसा ऊन असेपर्यंत शूटिंग, रात्री नवरा-बायको मिळून फिल्म धुवायची आणि काय बिघडलं ते बघायचं. बाई कामाला तयार होईना म्हणून तारामतीचं काम हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने केलं. वांगणीची अटक याच काळातली. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात खास निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी.

आता जाहिरातीचा किस्सा. सुरतेला पहिल्या खेळाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला. लोक म्हणायचे, नाटक सहा तास चालतं, मग तासा-दीड तासाच्या खेळाला पैसे का द्यायचे? फाळक्यांनी जाहिरातच बदलली. ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र आणि सगळं मिळून फक्त तीन आणे.

गर्दी लोटली.

याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. सिनेमाची लांबी होती ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रं धरली तर होतात ५९,२००. म्हणजे ५७,००० फोटो हा आकडा जवळपास चोख. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही! फोटो मोजताना फाळक्यांमधला तंत्रज्ञ बोलत होता आणि मैल मोजताना प्रोफेसर केळफा.

मात्र त्यांना एक कळलं होतं. लोकांना गोष्ट आवडते, तशी ती बनते कशी हेही जाणून घ्यायला आवडतं.

पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर आला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं आणि पडद्यावर बायका दिसल्या. १९१४ मध्ये आपले सिनेमे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी स्टुडिओ उघडून दाखवला, त्याच हेपवर्थ यांनी आता सोबत काम करायचा प्रस्ताव ठेवला. फाळक्यांनी नकार दिला. त्यांना कारखाना इथे हवा होता.

आणि मग महायुद्ध पेटलं. पैसे देणाऱ्यांनी हात आखडले. फाळके अडचणीत आले. अशा वेळी त्यांनी काय करावं? एक छोटी फिल्म बनवली, सिनेमा कसा तयार होतो यावर. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म तपासताना, कापून जोडताना दिसतात. तिचा तुकडा आजही उपलब्ध आहे आणि नेटवर सापडतो. जरूर बघा. कॅमेऱ्याच्या मागचं काम कॅमेऱ्यासमोर आणणारा आपल्याकडचा हा बहुतेक सर्वांत जुना व्हिडिओ म्हणायला हरकत नाही. शिवाय १९१७-१८ मध्ये नवयुग मासिकात त्यांनी आपल्या कामाची हकीकत मराठीत लिहून काढली. ज्या माणसाला ही विद्या साता समुद्रापार जाऊन विचारावी लागली, तो ती मराठीत छापून मोकळा झाला.

१९१७ मध्ये लंकादहन आला आणि तुफान चालला. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. केळफांची जादू इथे रंगात आली, लंका जळताना आणि मारुती उडताना लोकांनी पाहिला. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

पण १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि सूर बदलला. भागीदारांना सिनेमा लवकर आणि कमी खर्चात हवा होता, फाळक्यांना तो हवा तसा हवा होता. खटके उडाले, फाळके काशीला निघून गेले, तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं, मग परत आले. परतल्यावर सिनेमे केले, पण पहिली जादू फारशी जमली नाही.

तोवर बाहेर यंत्रं बदलत होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर स्वतःच कॅमेरा बनवला होता. १९३१ मध्ये आलमआरा आला आणि सिनेमा बोलायला लागला. माईक, ध्वनीमुद्रण, गाणी. फाळक्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज चिकटवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला, तो १९३७ मध्ये आला. दोन वर्षं आणि सुमारे अडीच लाख रुपये लागले. फाळक्यांचा तो एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा सिनेमा.

आवाजाच्या यंत्राबद्दल या वेळी फाळक्यांसाठी कुणी कॅबोर्न नव्हता, आणि त्यांचं वय सदुसष्ट होतं. नवं यंत्र हातात घेऊन, खोलून, चार दिवसांत जोडून बघायची रग आता त्यांच्यात राहिली नव्हती. स्टुडिओत आवाजाचं खातं वेगळं, त्याचा माणूस वेगळा. पेटीचं झाकण उघडून आत काय आहे ते सगळ्यांना दाखवणाऱ्या माणसासाठी ही जागा परकी होती.

नाशिकला ते गप्प बसले का? नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती युद्धासाठी लागत होती, त्यामुळे सरकारने तिच्यावर नियंत्रण आणलं होतं. सिनेमा काढायचा तर परवाना लागायचा. त्र्याहत्तर वर्षांच्या फाळक्यांनी नव्या सिनेमासाठी परवानगी मागितली. ज्या कोऱ्या फिल्मला सरस्वतीबाई रात्री जागून भोकं पाडायच्या, तिच्यासाठी आता अर्ज करायचा होता.

फेब्रुवारी १९४४ मध्ये उत्तर आलं. परवानगी नाकारली होती. त्यानंतर दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, नाशिकमध्ये दादासाहेब फाळके गेले.